उभ्या नऊचं उत्तर

"कोडेकार वामन म्हंजे तुमीच का?" फोनवरच्या माणसाने विचारलं, तेव्हा वामनराव अमरावतीच्या आपल्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. या नावाने त्यांना अकरा वर्षांत कोणी हाक मारली नव्हती. "होतो," ते म्हणाले. "होतो काय, आहा! मी देवराव बोलून राहिलो, अकोल्याहून. गोरक्षण रोडच्या मागं आमची कॉलनी आहे, तिचा मी अध्यक्ष. गेल्या रविवारी पेपरात तुमी माह्याबद्दल जे छापलं ते तुमाले कोनं सांगतलं, तेवढं सांगा. मी केस-गिस करत नाही. नत्थुजीनं सांगतलं नं?" वामनराव म्हणाले, मी कोणाबद्दल काही छापलं नाही, माझं कोडं बंद होऊन अकरा वर्षं झाली. पलीकडचा माणूस अजिबात ढळला नाही. "आडवे पाच. संस्थेचा प्रमुख. उत्तर, अध्यक्ष. त्या अध्यक्षाच्या शेवटच्या घरातून खाली काय निघते? क्षमा. म्हंजे म्या माफी मागाची. आडवे अकरा. बसायचे लांब आसन. बाक. कॉलनीच्या बगिच्यात बाक कोनं बसवले? म्या. आता बाकाच्या क मधून खाली काय निघते, ते तुमी सांगा." वामनरावांच्या तोंडून उत्तर आपोआप निघून गेलं. "कपट." पलीकडून देवराव जवळजवळ आनंदाने ओरडले, "पाहा! तुमाले तं पाठ आहे!" पाठ होतंच. फार जुनं कोडं होतं ते. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात क्ष अडकून बसला होता, रात्री पाहुणे जेवायला यायचे होते, आणि क्षमा घातली की सुटका होत होती. बाकाखाली कपट आलं कारण कपाट आदल्याच आठवड्यात वापरून झालं होतं. एवढंच. पण हे कोडं गेल्या रविवारी कसं काय छापून येईल? "माझा नंबर कोणी दिला तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "पेपरच्या हापिसात दोन दिवस भांडलो. तिथल्या एका मानसानं वही न पाहता सांगतला," देवराव म्हणाले. "तुमी या अकोल्याले. समोरासमोर बसू."

फोन ठेवल्यावर वामनरावांना जे काही वाटलं त्याला भीती म्हणता आलं नसतं. भीतीने माणूस शेंगांचं सूप बाजूला सारून इस्त्रीचा सदरा शोधायला उठत नाही. रुख्मिणीबाईंनी आतून विचारलं, "कोन होतं?" आणि ते म्हणाले, "सुरू झालं पुन्हा. आता माह्या नावानं अकोल्यात कोडी छापून राहिले. मले अडकवाचं आहे त्याईले." हे सांगताना आपला आवाज लग्न जमल्याची बातमी सांगावी तसा निघतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, बाईंच्या आलं. "तुमाले अडकवून काय भेटन जी कोनाले?" त्या म्हणाल्या, आणि शेंगा पुढे ओढून सोलायला लागल्या. हा प्रश्न त्यांनी गेल्या अकरा वर्षांत बऱ्याचदा विचारला होता. वामनरावांचं त्यावरचं उत्तर तयार होतं, नकाशासारखं रेघा मारलेलं, कारण पाटबंधारे खात्यात ते आरेखक होते आणि कुठला पाट कुठून निघून कुठे मिळतो हे दाखवण्यात त्यांची हयात गेली होती. तर अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांच्या कोड्यात आडवे तीन 'उद्घाटन' होतं आणि त्यातल्या ट मधून खाली 'टक्केवारी' उतरत होती. त्याच रविवारी एका पुढाऱ्याने शहरात एका पुलाचं उद्घाटन केलं. पुढच्या रविवारी कोडं छापून आलं नाही. संपादक म्हणाले, वामनराव, थोडे दिवस थांबा. त्याच महिन्यात फारुख, म्हणजे कचेरीत रविवारचं पान लावणारा, ज्याच्या शेजारी स्टूल टाकून ते दर शुक्रवारी बसत आणि ज्याच्या डब्यातले कबाब रुख्मिणीबाईंना न सांगता खात, तो फारुख बढती घेऊन अकोल्याच्या आवृत्तीत गेला. त्याच महिन्यात घरचा फोन आठ दिवस मेला. त्याच महिन्यात घरासमोर तीन दिवस एक पांढरी जीप उभी होती. ही जीप शेजारच्या मुलीला पाहायला परतवाड्याहून आलेल्या मंडळींची होती, पुढे लग्नही झालं आणि वामनराव त्या लग्नात जेवले. पण मुलगी पाहायला तीन दिवस लागतात का? कोडं छापण्याआधी फक्त फारुखच पाहत होता. म्हणजे त्यानेच ते दाखवलं. एकदा ही रेघ ओढल्यावर बाकीच्या रेघा आपोआप तिला येऊन मिळाल्या. फारुखचे फोन येऊ लागले, दर शनिवारी. वामनरावांनी उचलले नाहीत. निर्दोष माणूस इतके फोन कशाला करेल? तीन महिन्यांनी फोन थांबले. निर्दोष माणूस फोन थांबवेल कशाला? "त्या पुढाऱ्याले कोडं सोडवता येत असतं तं तो पुढारी कशाले झाला असता?" रुख्मिणीबाई एकदा म्हणाल्या होत्या. वामनरावांनी त्यांच्याकडे आठवडाभर जरा निराळ्या नजरेने पाहिलं होतं.

बस बडनेरा सोडून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची सोंगणी चाललेली होती, बायका ओळीने वाकलेल्या होत्या, आणि काळ्या रानात उपटलेल्या हरभऱ्याचे ढीग ठराविक अंतरावर पडलेले पाहून वामनरावांना सवयीने त्यात घरं दिसू लागली, काळं घर, पांढरं घर. ही सवय सुटलेली नव्हती. कागदावर मात्र अकरा वर्षांत त्यांनी एक चौकोन काढला नव्हता. छापूच देणार नाहीत तर काढायचं कशाला? एखाद्या आजाऱ्याने पथ्य सांभाळावं तशी त्यांनी ही मनाई सांभाळली होती, आणि कोणी "काय करता हल्ली?" म्हणून विचारलं की "करू देत नाहीत" म्हणताना त्यांना बरं वाटायचं. अकोल्याला जाणंही त्यांनी हळूहळू सोडलं होतं, कारण तिथले नातेवाईक कुचकट झाले होते. साडूच्या मुलाच्या लग्नात एक अनोळखी इसम हात धरून म्हणाला होता, "काय डोकं खाल्लं राजेहो तुमी रविवारी!" दुसऱ्या वेळी तेरवीच्या पंगतीत एक म्हातारी म्हणाली, "तुमच्यापायी आमच्या घरी दर आठवड्याले भांडन." वामनरावांनी द्रोण तिथेच ठेवला आणि हात धुतले. एवढी माणसं एकाच सुरात टोमणे मारतात म्हणजे त्यांना कोणीतरी पढवलेलं असणार, हे उघड होतं. आज मात्र ते ताठ बसले होते. समोरच्या सीटच्या पाठीवर कोणी बदाम कोरून त्यात दोन अक्षरं घातली होती, त्यांकडे ते तज्ज्ञाच्या नजरेने पाहत होते, आणि त्यांना बडनेऱ्याच्या एका मास्तरांची आठवण झाली. कोड्यात एकाच ग पासून आडवं 'गजेंद्र' आणि उभं 'गर्दभ' आलं, आणि माझं नाव गजेंद्र आहे, असं त्या मास्तरांनी चार पानी पत्रात रागाने कळवलं होतं. वामनरावांनी त्यांना पोस्टकार्ड टाकलं होतं: "ग चे घर एकच होते. दोघांना त्यातच राहावे लागले. गैरसमज नसावा." फारुख ते कार्ड वाचून खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला होता. शब्द एकमेकांना भेटतात ते भेटावंच लागतं म्हणून, त्यांच्या मनात काही नसतं, हे वऱ्हाडात वामनरावांइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. बोरगाव मंजू गेलं. का कोण जाणे, त्या हसण्याची आठवण त्यांना नकोशी झाली आणि त्यांनी खिडकीची काच सरकवली.

देवराव बगिच्यातच उभे होते. बाक पाच होते आणि पाचही देवरावांच्या घराकडे तोंड करून होते, म्हणजे बगिच्यात येऊन बसणाऱ्याला झाडं पाठीमागे आणि समोर देवरावांचं फाटक, त्यावर त्यांच्या नावाची पाटी. प्रत्येक बाकाच्या पाठीवरही नाव होतं. "आता म्हना, कपट आहे का यात?" देवराव म्हणाले आणि त्यांनी पेपर पुढे केला. अकोला आवृत्ती, रविवार. खालच्या कोपऱ्यात ते कोडं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात, कोडेकार : वामन. वामनरावांनी ते दोनदा वाचलं. देवरावांची नात प्रणाली चहा घेऊन आली आणि त्यांच्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "आजोबा, हे तेच का? दर रविवारवाले?" "दर रविवार?" वामनरावांनी विचारलं. "मंग? मी चौथीत होती तवापासून सोडवतो आमी. आमच्या घरी यापायी भांडनं होतात." वामनराव बाकावर बसले. समोर फाटक होतं. म्हणजे तो लग्नातला इसम, ती पंगतीतली म्हातारी... त्यांनी ते तिथेच थांबवलं, कारण देवराव बोलत होते. "नत्थुजी आमचा सेक्रेटरी. बाकाले त्याचाच विरोध होता. तो अमरावतीले जाते-येते. तुमची-त्याची भेट कुठं झाली?" तेव्हा वामनरावांनी शांतपणे, पोस्टकार्डाच्या भाषेत, सगळं सांगितलं. कोडं जुनं आहे. मी ते केलं तेव्हा तुमची कॉलनी झाली नव्हती. क्ष अडकला होता म्हणून क्षमा. कपाट झालं होतं म्हणून कपट. तुमच्याबद्दल त्यात काही नाही, मला तुमचं नावही ठाऊक नव्हतं. देवराव ऐकत होते, आणि वामनरावांना वाटलं होतं की त्यांचा चेहरा उजळेल, डोक्यावरून ओझं उतरेल. तसं झालं नाही. गाल आधी खाली आले, मग मिशी, मग खांदे. "म्हंजे माह्यावर नाही?" ते म्हणाले. "नाही." "कोनीच काही सांगतलं नाही?" "कोणीच नाही." देवराव दुसऱ्या बाकावर बसले. चार दिवस त्यांच्या अंगात वारं होतं. रात्रीचे उठून दिवा लावून घरं मोजत होते, नत्थुजीच्या खिडकीवर पाळत ठेवत होते. चाळीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजल्यावर पहिल्यांदाच अख्ख्या जिल्ह्याच्या पेपराला त्यांची दखल घ्यावीशी वाटली होती, आणि आता अमरावतीहून एक माणूस बसचं तिकीट काढून ते काढून घ्यायला आला होता. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि हळूच विचारलं, "तुमाले कोनं दाबलं जी? खरं सांगा. नत्थुजी येऊन गेला नं तुमच्याकडं?"

वामनराव हसले नाहीत. त्यांना तो चेहरा ओळखीचा वाटला. रोज सकाळी आरशात तो कंगवा फिरवताना दिसे. पेपरची कचेरी टॉवर चौकात होती; तिकडे जाणाऱ्या ऑटोत ते मधल्या सीटवर दोन बायकांमध्ये चेपून बसले आणि डोक्यातला सगळा नकाशा उलटा वाचू लागले. पांढरी जीप पाहुण्यांची होती. फोन मेला तेव्हा गल्लीत नळाचं खोदकाम चालू होतं, खड्ड्यात ते स्वतः पडले होते. पुढाऱ्याला कोडं सोडवता येत नव्हतं. एकेक रेघ पुसली तरी काही बिघडत नव्हतं, पण शेवटी जे उरत होतं ते त्यांना नको होतं. कट होता तोवर ते एक असा माणूस होते, ज्याला गप्प करण्यासाठी कोणाला तरी उठून काही करावं लागलं. कट नसेल तर त्यांना कोणी गप्प केलंच नव्हतं. अकरा वर्षं ते आपले आपणच गप्प बसले होते, आणि फारुखने काहीच केलेलं नव्हतं, आणि जे काही केलं होतं ते त्यांनीच फारुखला केलं होतं. ऑटो चौकात थांबला. परत फिरायला अजूनही हरकत नव्हती. अमरावतीची बस अर्ध्या तासाने होती, आणि घरी कट शाबूत होता.

ते जिना चढले. फारुख खिडकीजवळच्या संगणकासमोर बसलेला होता, केस पांढरे झालेले, चष्मा दोरीला बांधलेला, आणि त्याने मान वळवून पाहिलं तेव्हा तो उठला नाही. "या भाऊ," तो म्हणाला, जणू कोणी पाणी प्यायला खाली जाऊन परत आलं असावं. "बसा. पान पाचले जाते, मले हात थांबवता येत नाही." वामनरावांनी स्टूल ओढलं. पूर्वीसारखे ते त्याच्या शेजारी बसले. मग वामनरावांनी विचारलं, "अमरावतीत माझं कोडं कोणी बंद केलं?" "क्लासवाल्यानं. कोनत्या तरी कोचिंग क्लासची जायरात आली, तेले तुमचाच कोपरा देला. साहेबाले तुमाले सांगाची शरम वाटे, म्हनून थांबा म्हनले." "आणि तू?" "मी काय? माही सासू इथं एकटी पडली होती, बिछान्यावर. जहाँआरा म्हणे चला, तं आलो. इथं आलो तं इथल्या पानावर कोपरा रिकामा. तुमची सारी कोडी माह्यापाशी होती, पह्यल्या दिवसापासून. लावाले सुरुवात केली. अकरा वर्षं तुमी केले, अकरा वर्षं म्या लावले. मानधन तुमच्या नावानं निघत नाही, मंग इचारून काय करू." वामनरावांनी स्टूलची कड धरली. "मग ते फोन कशाला करत होतास? दर शनिवारी?" फारुखने पहिल्यांदा हात थांबवला. "उभे नऊ," तो म्हणाला. "काय?" "शेवटच्या कोड्याचं उत्तर तुमी देलंच नाही नं! इथं तेच पह्यले लावलं होतं. बाकी सारं सुटलं. उभे नऊ सुटे नाही. एक फळभाजी, चार अक्षरं. अकोल्याचे लोक मले फोन करकरून पागल करून राहिले होते, मी तुमाले करू. तुमी उचला नाही. मंग तीन महिन्यानं जहाँआरानं बजारातून पडवळ आनलं. मी तिच्या हातातच पाहिलं. मंग कशाले करू फोन?" वामनरावांना आपला जुना प्रश्न आठवला. निर्दोष माणूस इतके फोन कशाला करेल. पडवळासाठी. "मला वाटलं," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं, उद्घाटन, टक्केवारी, जीप, बढती, सगळं. सांगताना ते इतकं नीट बांधलेलं होतं की मधेच त्यांना पुन्हा खरं वाटायला लागलं. फारुख खिडकीबाहेर पाहत ऐकत होता. "बढती नोती," तो एवढंच म्हणाला. "पगार दोनशेनं कमी झाला होता." मग, पडद्यावरची एक ओळ उगाच वर-खाली करत, "मले दुसरंच वाटलं होतं, भाऊ. फोनवर नाव दिसते नं आजकाल. मले वाटलं, नाव पाहून उचलत नसान. त्या सालात बरेच जन नाव पाहून उचलाचे थांबले होते. म्हनलं, चला, हेबी गेले तिकडं."

वामनरावांना वाटलं, याला काही बोललो तर ते खोटं निघेल. त्यांची कहाणी सगळी मिळून हास्यास्पद होती. फारुखची एका ओळीची होती, आणि तिला पुसायला पाहुणे, खोदकाम, पडवळ असं काहीच नव्हतं; ती खोटी ठरवायची तर अकरा वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी जाऊन फोन उचलावा लागला असता. "नाव पाहूनच उचलत नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "फारुख हे नाव पाहून. दुसरं कोणतंच नाही. दुसऱ्या कोणी दगा दिला असता तर मी दोन दिवसांत विसरलो असतो." फारुखने चष्मा काढला, पुसला, लावला. ते पुसणं गरजेपेक्षा जरा जास्त चाललं. मग त्याने पडदा वामनरावांकडे वळवला. रविवारचं पान पूर्ण लागलेलं होतं, फक्त खालचा कोपरा पांढरा होता. "तुमचे कोडे सरले," तो म्हणाला. "देवरावाच्या डोक्यात गेलं ते शेवटचं. या रविवारी काय लावू म्हनून सकाळपासून बसलो आहो. सव्वातीन झाले."

कागद मागवायचं वामनरावांना सुचलं नाही. त्यांनी बसचं तिकीट उलटं करून पाहिलं, ते पुरेना, तेव्हा फारुखने जुन्या पानाची छापील प्रत पाठकोऱ्या बाजूने पुढे केली. पहिली रेघ वाकडी आली. दुसरी सरळ आली. मग अकरा बाय अकरा, काळी घरं, कोपऱ्यांत दोन दोन. हात जणू अकरा वर्षं रजेवर होता आणि आज हजर झाला. शब्द आधी दबकत आले, कोणी पाहतंय का म्हणून, आणि कोणीच पाहत नव्हतं. ते त्यांना इतकं नवीन होतं की त्यांनी दोनदा मान वर करून खात्री केली. 'टाकसाळ' आलं. 'साखरभात' आला. 'रताळं' बसेना, फारुख म्हणाला 'रताळू' करा, वामनराव म्हणाले मराठीत कोडं आहे, फारुख म्हणाला मंग तुमच्या मराठीतच उपाशी मरा. पेन्सिलचं टोक मोडलं. चार वाजले. एका जागी 'नेता' येत होता आणि त्यातून खाली 'ताबा', आणि वामनरावांचा हात क्षणभर थांबला, कोणी काही अर्थ काढला तर? मग त्यांना खदखदून हसू आलं, असं की शेजारच्या टेबलावरचा वार्ताहर उठून पाहायला आला. काढू दे! ज्याला काढायचा त्याने काढावा, त्या घरात दुसरं काही बसत नाही! साडेचारला शेवटचं घर भरलं. वामनराव कागद झाकून धरून सूचना सांगत गेले, फारुख त्या टाइप करत एकेक सोडवत गेला, दोन ठिकाणी अडला, शिवी दिली, सुटलं तेव्हा मांडीवर थाप मारली. आणि खाली आल्यावर त्याने न विचारता लिहिलं, कोडेकार : वामन. पाचला पाच मिनिटं असताना पान गेलं. वामनरावांनी सगळी उत्तरं एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, त्याच्या खिशात कोंबली.

खाली रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. फारुखच्या स्कूटरवर मागे बसून वामनराव जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे पाहत होते. संत्री विकणारा, हेल्मेट हातात धरून भांडणारा, फोनवर हसणारी मुलगी, उसाच्या गाड्याला टेकलेले दोन वकील. यातलं कोणीही त्यांच्याविरुद्ध काहीही करत नव्हतं. एवढं मोठं शहर, आणि त्यात एकाच्याही मनात त्यांच्याबद्दल काही नाही! त्यांनी पाठ ताठ केली, छाती काढली. वरातीतल्या घोड्यावर बसूनही त्यांना कधी इतकं मोकळं वाटलं नव्हतं. "फारुख," ते वाऱ्यात ओरडून म्हणाले, "अख्ख्या अकोल्यात माझ्या विरोधात एक माणूस नाही!" "एक आहे," फारुख मान न वळवता ओरडला. "जहाँआरा. अकरा ईदा मोजून बसली आहे." गल्लीच्या तोंडाशी त्याने स्कूटर बंद केली. दार उघडंच होतं, आणि दारात कमरेवर हात ठेवून एक बाई उभी होती. कोणी तरी फोन करून आधीच कळवलेलं दिसत होतं. "आले का वामनभाऊ?" तिने तिथूनच सुरुवात केली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "रस्ता भेटला का? का कोनी पकडून आनलं? अकरा वर्षं कोन्या बिळात होते? रुख्मिणीवहिनीले घेऊन येता नाही आलं? मानसं आहा का कोन आहा तुमी?" शेजारच्या खिडक्या उघडल्या. वामनराव स्कूटरवरून उतरले, सदरा खाली ओढून नीट केला, आणि गल्लीच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, एकेक शब्द अंगावर घेत उभे राहिले. ती बोलतच होती. तिने अजून बरंच बोलावं असं त्यांना वाटत होतं.